घोड्याची चंदी, शिपायाचा हुरडा

टपालानं आलेली पत्रं आणि मोबाइलवरचे निरोप मिळून या खेपेला प्रश्नांचा ढीग झाला. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतले वेगळे काढले, तर निम्मे एकाच जातीचे निघाले : अमक्या लढाईत जिंकलं कोण? ते मी बाजूला ठेवले. त्यांची उत्तरं देणारे गावोगाव पैशाला पासरी आहेत. उरलेल्यांत मात्र दाणा-वैरण, पाणी, पाऊस, हत्ती, भूत असलं बरंच काही निघालं. माझी बैठक या उरलेल्यांपाशीच जमते.

प्रश्न : महाराष्ट्रगीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. भीमथडी म्हणजे आमचाच भाग का? आणि तट्टू म्हणजे तर मरतुकडं घोडं, ‘भाड्याचं तट्टू’ म्हणतात ते. त्याच्या जिवावर लढाया कशा मारल्या? (पाटस, ता. दौंड)

तुमचाच भाग. थड म्हणजे काठ. भीमेची थड ती भीमथडी. इंग्रजी अमदानीत भीमथडी नावाचा तालुकाच होता आणि आजच्या दौंड-बारामतीचा बराच मुलूख त्यात मोडायचा. तट्टू हा शब्द मात्र आपण फुकट बदनाम केला. सिनेमातल्या सरदाराखाली उंच, चकचकीत घोडा असतो. खरं भीमथडी तट्टू उभं राहिलं तर त्याची पाठ जेमतेम माणसाच्या छातीला लागते.

पण घोड्याची उंची मोजण्याआधी त्याचं पोट मोजावं. घोड्याला रोज आपल्या वजनाच्या साधारण पन्नासाव्या हिश्शाइतका सुका चारा लागतो. अडीचशे किलोचं तट्टू पाच किलोवर भागवतं, साडेचारशे किलोच्या अरबी घोड्याला नऊ किलो लागतो, आणि शिवाय त्याला चंदी हवी. चंदी म्हणजे दाणा : हरभरा, कुळीथ. ती चुकली की चार दिवसांत त्या घोड्याच्या बरगड्या मोजता येतात. तट्टू कडब्यावर, बांधावरच्या गवतावर, वेळ आली तर बाभळीच्या शेंगांवरही दिवस काढतं. आता वीस हजार तट्टांची फौज धरा. रोजची वैरण झाली शंभर टन. तुमच्याकडे कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या जातात, तशा दहा टनांच्या दहा ट्रॉल्या, रोज. कडबा फुगीर असतो, तेव्हा दुप्पट धरायलाही हरकत नाही. एवढी वैरण कुठलंही एक गाव आठवडाभर पुरवू शकत नाही. म्हणून घोडदळ एका जागी बसत नसे, आणि ज्याचं जनावर कमी खातं तो जास्त लांब जाई. मोगलांचे मोठे घोडे, त्यांच्यामागं दाण्याचे बैल, बैलांमागं बाजार, आणि हे सगळं भीमेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानातून ओढायचं. मराठी स्वाराच्या मागं घोंगडी आणि तोबरा.

घोडा कोणाचा, यावरही पुष्कळ अवलंबून होतं. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचं भांडवल बुडालं. मग तो घोड्याला जपणारच, प्रसंगी लढाईतून मागंही काढणार. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासदानं आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमले मिळून हजारी. हे शाळेत पाठ करून घेतात. त्याच्याच शेजारचं वाक्य मात्र गाळतात : दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. एकाच्या खांद्यावर कातडी पखाल, दुसऱ्याच्या हातात नाल-खिळे. पंचवीस घोड्यांची तहान आणि शंभर खूर या दोघांच्या जिवावर. त्यांच्यावर पोवाडा झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तट्टू अजून संपलेलं नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडेच भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. ती टिकवली धनगरांनी. मेंढरांमागं जाणारी घोडी तुमच्या पाटसजवळ हमरस्त्याच्या कडेनं मी कितीदा पाहिली आहे. पाठीवर बाजेचं लाकूड, पातेली, घोंगड्यांची वळकटी, त्यावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि बाजूच्या झोळीतून मान काढून ट्रककडे बघणारं चार दिवसांचं कोकरू. घोडी ट्रककडे बघतसुद्धा नाही.

प्रश्न : सर, लढाईच्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायची का? (इयत्ता सातवी, तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर)

बाळ, तुझा प्रश्न वाचून आधी हसलो आणि मग बसून राहिलो, कारण याचं उत्तर तुझ्या गावावरूनच गेलेलं आहे.

31 डिसेंबर 1817 ची रात्र. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, कंपनी सरकारची छावणी होती. पुण्यावर पेशव्यांचा हल्ला होणार अशी हूल उठली आणि मदतीचा निरोप आला. कॅप्टन स्टॉंटन रात्री आठच्या सुमारास निघाला. बरोबर मुंबई पायदळाची पाचशेवर माणसं, नव्यानं उभारलेल्या पथकातले अडीच-तीनशे स्वार, दोन तोफा आणि त्यांचे गोलंदाज. सगळे मिळून आठशेवर. डिसेंबरअखेरची थंडी, अंधार आणि जवळपास चाळीस किलोमीटर पायपीट. सकाळी दहाच्या सुमारास तळेगावच्या चढावरून खाली भीमा दिसली आणि पलीकडे दुसऱ्या बाजीरावाची अफाट फौज. वीस हजारांवर स्वार, शिवाय पायदळ. रात्रभर चाललेल्या माणसांना न्याहारी करायला तिथं कोण थांबवतो? स्टॉंटननं कोरेगाव गाठलं. गावाला मातीचा कोट होता, आत दगडी घरं आणि गढी. दुपारच्या सुमारास पेशव्यांकडचे अरब, गोसावी आणि मराठे पायदळवाले नदी उतरून गावात घुसले, आणि मग रात्री नऊपर्यंत गल्लीबोळांतून लढाई चालली.

आता तुझा प्रश्न. जेवण नाहीच, पण त्याहून वाईट म्हणजे पाणी नाही. भीमा समोर वाहते आहे, हाकेच्या अंतरावर, पण तिथवर जाणारा बोळ समोरच्यांच्या गोळीच्या टप्प्यात. आदल्या रात्रीपासून चाललेला माणूस दिवसभर दारूगोळ्याच्या धुरात, आणि काडतुसाचा कागद तेव्हा दातानं फाडावा लागे, म्हणजे तोंडात दारूची खारट भुकटी. कंपनीच्या काही गोऱ्या गोलंदाजांनी तहानेनं कासावीस होऊन शरण जाऊ असं म्हटल्याची नोंद आहे. अंधार पडल्यावर हल्ल्याचा जोर ओसरला तेव्हा कुठं पाणी मिळालं. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून 275 भरले. पेशव्यांकडची हानी पाच-सहाशेची मानतात. इंग्रजांच्या जनरल स्मिथची मोठी फौज मागावर असल्यामुळं बाजीराव दक्षिणेकडं निघून गेला, आणि स्टॉंटनची माणसं 3 जानेवारीला सकाळी शिरूरला परतली. मधल्या सगळ्या वेळात त्यांच्या पोटात धड अन्न पडलं नव्हतं.

पुढं तिथं उभ्या राहिलेल्या स्तंभावर मृतांची नावं कोरली. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, ती महार शिपायांची नावं. 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं आले, तेव्हापासून त्या दिवसाला जी गर्दी होते ती तू पाहतेसच.

याच दिवसाची आणखी एक गोष्ट, जी इतिहासकार ग्रँट डफनं तळटिपेत नोंदवली. बाजीराव नदीपलीकडच्या टेकडीवर बसून लढाई बघत होता, शेजारी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह. दुपारचं ऊन लागू लागलं म्हणून प्रतापसिंहांवर अबदागीर धरली. बाजीरावानं ती काढायला लावली : इंग्रजांना दिसली तर तोफेचा गोळा येईल! खाली माणसं पाण्यावाचून तडफडताहेत आणि वर उन्हाची पंचाईत. लढाईत कोण कुठं बसलं आहे हे कळायला मला ही एक तळटीप पुरते.

मग फौजा एरवी खात काय? मुक्कामावर भाकरी, कांदा, आमटी. दौडीत असताना, हंगाम असेल तर, थेट शेतातून. पहिल्या बाजीरावाची आख्यायिका तू ऐकली असशील. निजामानं चित्रकार पाठवला, की बाजीराव जसा दिसेल तसा काढून आण. त्यानं आणलेल्या चित्रात बाजीराव घोड्यावर, लगाम सैल सोडलेला, भाला खांद्यावर, आणि दोन्ही तळहातांत ज्वारीचं कणीस चोळून दाणे खातो आहे. हुरडाच की! जानेवारीत तुमच्याकडे शेतात आगटी पेटवून माणशी पैसे घेऊन हुरडा खिलवतात. बाजीरावाला आगटीची सवड नव्हती एवढाच फरक.

हा हुरडा ज्याच्या शेतातला, त्याला कोणी विचारत असे का? फार थोडे विचारत. म्हणूनच शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या लष्कराला गेलेलं पत्र वाचताना मी दर वेळी चकित होतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी जुमलेदार-हवालदारांना ताकीद दिली आहे की दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पुढं घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांकडून धान्य, गवत, भाजी ओरबाडाल. तसं झालं तर लोक म्हणतील याहून मोगल बरे. पुढं जाऊन ते म्हणतात की रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. राज्य चालवणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करत होता.

प्रश्न : पावसाळ्यात लढाया नसत, हे खरं का? की दसऱ्याचं निमित्त नुसतं धार्मिक? (राहू, ता. दौंड)

बहुतांशी खरं, आणि कारण मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यात राहणाऱ्याला मी काय सांगावं! धरणं नसताना आषाढ-श्रावणात भीमा उतरून दाखवावी. काळ्या रानात तोफेचं चाक आरीपर्यंत रुतायचं. तोड्याची बंदूक असेल तर तोडा, म्हणजे पेटती दोरी, पावसात विझणार. आणि मुख्य म्हणजे निम्मी फौज कुणबी. पेरणी कोण करणार? म्हणून चार महिने छावणी, आठ महिने मुलूखगिरी. दसऱ्याला पीक हाताशी आलेलं, नद्या उतारावर, रानात गवत. सीमोल्लंघनाचा मुहूर्त पंचांगानं काढला की गवतानं, हे तुम्हीच ठरवा.

ज्यानं हे मानलं नाही त्याची एक गोष्ट. 1700 च्या ऑक्टोबरात औरंगजेबाची छावणी सांगोल्याकडे खवासपूरला माण नदीच्या पात्रालगत पडली होती. वरच्या अंगाला पाऊस झाला, रात्री लोंढा आला, माणसं-जनावरं-तंबू वाहून गेले. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटलं मराठेच आले. तो घाईनं उठला, पाय घसरला, गुडघा निखळला आणि उरलेलं आयुष्य तो लंगडत चालला. दरबाऱ्यांनी समजूत घातली की तैमूरही लंगडाच होता, हा तर वारसा! खुशमस्करी कुठल्याही हंगामात पिकते.

प्रश्न : ‘बाजारबुणगे’ हा शब्द आमचे आजोबा शिवीसारखा वापरत. तो लढाईतला आहे का? (केडगाव, ता. दौंड)

लढाईतलाच. बुणगे म्हणजे फौजेमागचं न लढणारं सगळं लटांबर : वाणी, तांबोळी, मोतद्दार, स्वयंपाकी, बायकापोरं, यात्रेकरू. त्यांच्यावाचून फौज जेवत नाही आणि त्यांच्यासह फौज पळू शकत नाही. पानिपतला 1761 साली हेच नडलं. आजोबांचा राग समजतो, पण शिवी मला अन्यायाची वाटते. तुम्ही रोज वापरत असाल तो ‘आगाडी-पिछाडी’ हा शब्दही घोड्याच्या पुढच्या-मागच्या पायांना बांधायच्या दोरांचा.

प्रश्न : तुळापूरला नदीत हत्ती तोलला म्हणतात. खरंच तोलता येतो का? (कोरेगाव भीमा, ता. शिरूर)

येतो, आणि फार सोपा आहे. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरच्या या गावाचं जुनं नाव नागरगाव. विजापूरचा सरदार मुरार जगदेव यानं 1633 साली तिथं तुला केली, आणि त्याला आपल्या हत्तीच्या भारंभार दान करायचं होतं. एवढा तराजू आणायचा कुठून? शहाजीराजांनी युक्ती सुचवली असं परंपरा सांगते : हत्ती नावेत चढवा, नाव जिथवर बुडेल तिथं खूण करा, हत्ती उतरवा, खुणेपर्यंत नाव बुडेस्तोवर दगड भरा, दगड तोला. तुला झाली म्हणून गाव तुळापूर.

हिशेब करून बघा. तीन टनांचा हत्ती, म्हणजे तीन घनमीटर पाणी बाजूला सरणार. नावेचा तळ वीस चौरस मीटरचा धरला तर नाव पंधरा सेंटिमीटर जास्त बुडेल. वितीपेक्षा थोडं कमी. खुणेला पुरेसं आहे. अडचण फक्त एक : हत्तीनं नावेत स्थिर उभं राहायला हवं.

आता एक खवचट गोष्ट. हीच युक्ती चीनमध्ये त्साव चोंग नावाच्या मुलाच्या नावावर सांगतात, तुळापूरच्याही चौदाशे वर्षं आधी. शहाण्या माणसाला एकच गोष्ट दोन ठिकाणी सुचू शकते आणि चांगली गोष्ट दोन नद्यांवर नांदू शकते. मला दोन्ही पटतं. या मुरार जगदेवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच सुमारास याच्याच फौजेनं पुणं जाळलं आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. यवतजवळच्या भुलेश्वराला दौलतमंगळ किल्ला बांधला तोही यानंच. हत्तीच्या भाराइतकं दान करणारा आणि वस्तीवर नांगर धरणारा हात एकच.

प्रश्न : इनामगावच्या उत्खननात पाय तोडलेले सांगाडे निघाले म्हणे. ती लढाईत मेलेली माणसं का? (न्हावरे, ता. शिरूर)

नाही. तुमच्या घोड नदीकाठच्या त्या पांढरीत डेक्कन कॉलेजनं 1968 पासून पंधराएक वर्षं खोदलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी ते काम उभं केलं. इसवी सनापूर्वी 1600 ते 700, नऊशे वर्षं माणसं तिथं नांदली. पाय घोट्यापासून तोडले आहेत ते मेल्यानंतर, पुरताना. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून, असा अर्थ अभ्यासक लावतात. आणि पुरलं कुठं? घरातच, जमिनीखाली. म्हणजे माणूस घरातून जाऊही नये आणि रात्री हिंडूही नये. आपल्याकडे अजून अंगणातल्या पिंपळाखालून रात्री जाताना पावलं उचलतात, तसलीच धास्ती तीन हजार वर्षांपूर्वीही होती म्हणायची. लहान मुलं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून पुरत.

घरांत मिळालेले दाणे सांगतात की जव, गहू, तांदूळ, मसूर, वाटाणा, तीळ तिथं होते. बोरं, आवळे, जांभळं होती. हाडं सांगतात की गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या, हरणं, मासे, खेकडे, कासवं होती. आजच्या इनामगावच्या ताटात यातलं निम्मं तरी असतंच. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं घर होतं, शेजारी धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एक माणूस मांडी घालून बसवलेला सापडला. त्याचे पाय मात्र तोडलेले नाहीत. मुखिया असावा असं म्हणतात. गावच्या कारभाऱ्याला वेगळी वागणूक, मेल्यावरसुद्धा.

लढाई कुठंच नव्हती असं मात्र समजू नका. वस्तीभोवती तट होता आणि खंदक होता. कोणाला तरी कोणाच्या तरी कोठाराची भीती वाटत होतीच.

प्रश्न : शिरूरच्या जुन्या इंग्रजी कबरस्तानात एका साहेबाच्या थडग्याला लोक नैवेद्य दाखवत, हे आजीकडून ऐकलं. आपल्याला जिंकणाऱ्याला नैवेद्य? (शिरूर)

आजी बरोबर सांगत होती. तो कर्नल विल्यम वॉलेस. 1803 साली मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर होता, शिरूरच्या छावणीत 1809 साली वारला. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात लिहिलं आहे की गावकरी त्याला सत्पुरुष म्हणत. ब्राह्मण आणि मारवाडी सोडून शिरूरचे बाकी हिंदू त्याच्या थडग्याला भजत आणि सुगीत नव्या धान्याचा पहिला नैवेद्य तिथं ठेवत.

आता तुम्ही म्हणता तसं, आपल्याच सरदारांचा पाडाव करणाऱ्या फौजेतला माणूस. पण 1809 साली शिरूरच्या कुणब्याच्या नजरेनं बघा. सहा-सात वर्षांपूर्वी होळकरांची फौज आणि पेंढारी या मुलखावरून गेले होते, पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला होता. छावणीला दूध, गवत, धान्य लागे. छावणी विकत घेई आणि पेंढारी फिरकत नसे. अशा वेळी एखादा अधिकारी न्यायानं वागला असेल तर गावानं त्याला म्हसोबा-वेताळाच्या पंगतीला नेऊन बसवलं यात मला नवल वाटत नाही. वेताळाला तरी आपण जन्मगाव कुठं विचारतो?

नैवेद्यात काय ठेवत, ज्वारी की बाजरी, हे आजीला विचारता आलं तर कळवा.